जबड्याच्या बाई

मालती मॅडम माणसाचा चेहरा बघत नसत, जबडा बघत.

माझ्या मुलाखतीला माझे वडील सोबत आले होते. आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या अलीकडं. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. लेकीची नोकरी ठरते तरी कशी, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी टेबलावर कागद मांडले. बीएस्सी, फिजिक्स, पहिला वर्ग, वर एक्स-रेचा डिप्लोमा. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी सांगते. सांगायला लाजायचं काय कारण? मॅडमनी कागदांवरून नजर फिरवली, ते बाजूला सारले आणि वडिलांकडं बघून म्हणाल्या,

"आबा, उजव्या अंगानं घास चावत न्हाय तुमी. कवापासनं?"

वडील दचकले. त्यांनी मॅडमसमोर अजून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. "ही जन्मायच्या आधीपासनं आसंल, बाई."

"आन डाक्टरला दावलं न्हाय."

"दाढ दुकती म्हून मेंढरं कुणावर सोडू?"

"मेंढरू इकत घेताना दात बघता का न्हाय?"

"त्ये तर बघावंच लागतं की."

"मग तुमी काय मेंढरापरीस सस्तात आलाव?"

वडील इतकं हसले की त्यांची ती किडलेली दाढ मलाही दिसली. माझी नोकरी त्या हसण्यातच ठरली. पुढं मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, "बटण दाबून धरता येईल ना? मध्येच सोडणार नाहीस?" मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती.

धाराशिवला बसस्टँडपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर मॅडमचं सेंटर. तिथं दात काढत नाहीत, भरत नाहीत. तिथं फक्त फोटो निघतो, पण तो साधा नव्हे. रुग्णाला खुर्चीत बसवायचं, हनुवटी टेकवायची, डोकं पट्ट्यांत धरायचं. मग यंत्राचा हात डोक्याभोवती एक फेरी मारतो आणि फेरीभर फोटो घेत जातो. कॉम्प्युटर त्या सगळ्यांतून पडद्यावर जबडा उभा करतो. तो जबडा वरून, खालून, पाठीमागून बघता येतो, मुळ्याच्या पातळ चकत्या कराव्यात तसा कापून बघता येतो. फेरी चालू असेतोवर बटण दाबून धरावं लागतं. सोडलं की यंत्र जागच्या जागी थांबतं आणि रुग्णाला दिलेले किरण फुकट जातात. म्हणून तो प्रश्न. आधी असल्या फोटोसाठी आमच्याकडच्या लोकांना सोलापूर नाहीतर लातूर गाठावं लागायचं.

मॅडम परंड्याच्या. उंचीनं बेताच्या, सुती साडीवर पांढरा कोट आणि पायात पोरांसारखे खेळाचे बूट. कोटाच्या खिशात कायम फुटाणे. दिवसभर कुडुमकुडुम चालू. कुणी हसलं तर म्हणायच्या, "दाताच्या डॉक्टरनं दाताला काम द्यावं." त्यांच्या दोन भाषा होत्या. फोनवर दुसऱ्या डॉक्टरांशी बोलताना असं स्वच्छ, छापील मराठी-इंग्रजी, की मीसुद्धा सावरून बसायची. फोन ठेवला आणि समोर रुग्ण आला की लगेच परंड्याचा बाज. "कवा सुजलं? कुणीकडं? आन तंबाखू कुठल्या गालात धरता?" तंबाखू खाता का, असं त्यांनी कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. कुठल्या गालात, एवढंच. माणूस खोटं बोलायचं विसरून गाल दाखवायचा.

दातांचे डॉक्टर साध्या, सपाट एक्स-रेवर भागवतात आणि बहुतेक वेळा ते भागतंही. पण अडलेल्या केसमध्ये सपाट फोटोवर कुणी ठाम बोलायला लागलं की मॅडम म्हणायच्या, "फोटो बघून सोयरीक करता का? पोरगी एका कानानं बहिरी निघायची." आणि उलटही होतं. गरज नसताना कुणी रुग्ण पाठवला तर त्याला तसाच परत पाठवायच्या. एकदा एक मोठे बागायतदार गाडीतून सगळं खटलं घेऊन आले. स्वतः, बायको, दोन सुना, नातवंडं. दुखत होती फक्त त्यांची एकट्याची दाढ.

"आल्यासारखं समद्यांचंच काढून टाका," ते म्हणाले. "तेवढीच बिनघोरी."

मॅडमनी फुटाण्यांची मूठ खिशात सोडली. "मालक, किरण हायेत त्ये. परसाद हाय का वाटायला?"

"आवं, थोडंच आस्त्यात म्हंत्यात की."

"थोडं विख बी थोडंच आसतंय. ज्याला लागतंय त्याला देती मी, मागल त्याला न्हाय."

मालकांना हे नवीन होतं. त्यांना नाही म्हणणारं माणूस तालुक्यात विरळा. पण धाकटी सून तोंडाला पदर लावून अशी हसली की तेही हसले. फोटो त्यांच्या एकट्याचाच निघाला. बाकीच्यांना मॅडमनी फुटाणे दिले.

फोटोआधी अंगावरचा धातू उतरवावा लागतो. कानातलं, नथ, चमकी, गळ्यातलं. धातू आडवा आला की चित्रात चांदणीसारख्या पांढऱ्या रेघा उठतात आणि नेमकं बघायचं तेच झाकून जातं. पुरुषांचं सोपं, चष्मा काढला की झालं. बायकांचं मंगळसूत्रापाशी अडायचं. एकदा लग्नाला वर्षही न झालेली एक पोरगी सासूबरोबर आली होती. पोरीची मान आखूड, मणी थेट हनुवटीखाली. मी म्हणाले, काढा. सासू मधे आली.

"माजा ल्योक ट्रकावर हाय. आता ह्या टायमाला बंगळूरच्या रस्त्याला आसंल. आन हिचा गळा मोकळा करू म्हंतीस?"

मी सांगायला लागले, धातू म्हणजे काय, किरण म्हणजे काय. फिजिक्स माझा आवडता विषय. सासू ऐकत होती, पण हात सुनेच्या गळ्यावर तसाच. मॅडम आतून आल्या. ड्रॉवर उघडला आणि पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड सासूच्या हातात दिलं. सासूनं ते सुनेच्या मनगटाला बांधलं, स्वतःच्या हातानं मंगळसूत्र काढलं आणि पदराच्या गाठीत ठेवलं. हळकुंडात धातू नसतो. फोटो स्वच्छ आला.

त्या दोघी गेल्यावर मी मॅडमना विचारलंच. एवढं शिकून तुम्ही हे चालू ठेवता? तुम्हीच असं केलंत तर आम्ही शिकून काय उपयोग?

"बीएस्सी," त्या म्हणाल्या. चिडवायचं असलं की माझं सविता हे नाव टाकून मला बीएस्सी म्हणायच्या. "मला तिचं हाड बघायचं होतं. तिच्या सासूचं मन बदलायचं कंत्राट घेतलं नव्हतं. तू घे हवं तर. पण फोटो काढून झाल्यावर."

ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही अर्धंच पटतं. हळकुंडांचा ड्रॉवर मात्र अजून मीच भरते.

दुसरी अडचण हलण्याची. यंत्राचा हात पाठीमागून सरकायला लागला की माणूस त्याच्याबरोबर मान वळवतो. जुनी माणसं तर जास्तच. आपल्याभोवती काही फिरतंय आणि आपण त्याच्याकडं पाठ करून बसलोय, हे त्यांना बरं वाटत नाही. वाशीकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात जोडले आणि यंत्राबरोबर अंग वळवत वळवत खुर्चीतच फेरी पुरी करायला निघाले. मॅडम काचेपलीकडून ओरडल्या, "आबा, देवळात फेरी कोण मारतंय?"

"मानूस."

"आन पिंड?"

"पिंड कशाला फिरंल?"

"मग आज तुमी पिंड हायसा. ह्यो मारंल फेरी."

बाबा डोळे मिटून असे बसले की श्वास चाललाय का, ते मला वाकून बघावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडं ते वाक्यच झालं. पिंडीगत बसा. शेजारच्या शेख चाची आल्या तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चाची, निकाहचा फोटो हाय समजा, हलला तर जिंदगीभर तसाच राहणार." ज्याला जे लागू पडेल ते. सगळ्यांना लागू पडलं. पडलं नाही ते फक्त भानुदासमामांना.

भानुदासमामा तेरचे. सनई वाजवतात. तेर, ढोकी, कळंब, त्या पट्ट्यात कुठलंही मोठं लग्न त्यांच्याशिवाय लागत नाही. त्यांची खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती. वरचेवर सुजायची, पू व्हायचा, मग गोळ्या. दाताच्या डॉक्टरांनी साधा एक्स-रे काढला, तर त्यात दाढेचं मूळ बरोबर नसेवर आलेलं दिसत होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, दाढ काढताना नस दुखावली तर खालचा ओठ बधिर होऊ शकतो. ते ऐकल्यावर मामांनी दवाखाना सोडला. सूज घेऊन, गालाला मफलर बांधून सुपाऱ्या वाजवत राहिले. शेवटी ताप चढला तेव्हा मामींनी त्यांना जवळजवळ धरूनच आमच्याकडं आणलं.

"बाई," मामा मॅडमना म्हणाले, "दाढ गेली तर जाऊ द्या. व्हट गेला तर म्या गेलो. सनईची पत्ती खालच्या व्हटावर बसती. व्हटालाच कळलं न्हाय तर सूर कुटं धरू?"

"आन न्हाय काढली तर?" मामींनी विचारलं. "त्यो पू गळ्यात उतरला मजी? मग सनई कुनाच्या हातात देऊ?"

"मामी खरं बोलती," मॅडम म्हणाल्या. "बसा खुर्चीत."

हनुवटी टेकवली, पट्ट्या लावल्या. आमच्याकडं पुढच्या दातांत धरायला प्लास्टिकची एक बोटभर काडी असते, म्हणजे जबडा जागचा हलत नाही. ती दिली. पिंडीगत बसा, म्हणून सांगितलं. मी बटण दाबून धरलं. फेरी झाली, चित्र पडद्यावर आलं, आणि दाढेच्या जागी दोन दाढा. एकीवर एक सरकलेली. नस तर दिसेचना.

मॅडमनी तोंडाकडं नेलेला फुटाणा तसाच हातात धरला. मामा हललेले मी बघितले नव्हते. मॅडमनीही नाही. मॅडम आत गेल्या, मामांच्या तोंडात परत नुसती काडी दिली, आणि त्यांच्या जबड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. मग एकदम हसल्या.

"मामा, गाल का फुगीवलं?"

मामांनी काडी काढली. "कुटं फुगीवलं?"

खरंच त्यांना माहीत नव्हतं. ओठांत काही आलं की त्यांचे गाल आपोआप भरत. सनईवाला गालात हवा साठवतो आणि नाकानं श्वास घेत घेत ती सोडत राहतो, सूर तुटू देत नाही. जन्माची सवय. काडी तोंडात गेली की मामांचा जबडा कामाला लागत होता.

परत फोटो काढायचा म्हणजे परत किरण. मॅडमच्या जिवावर आलं. स्वतःवरच चिडल्या, आधी हात लावून बघायला पाहिजे होतं म्हणून. मग म्हणाल्या, काडी नको, नुसत्या हनुवटीवर बसवू, आणि आधी किरण बंद ठेवून कोरडी फेरी मारू. कोरड्या फेरीत पण यंत्राची घरघर सुरू झाली की मामांचा गाल हळूच भरायचा. घरघर म्हणजे त्यांना सूरच वाटत होता.

"मामा, लग्नात तुमी वाजवत नसता आसा टाइम कंचा?"

"जेवताना."

"आन वाजवायला तयार, पर वाजवत न्हाय?"

मामांनी विचार केला. "मंगलाष्टकं चालू आसल्यावर. सनई मांडीवर, ध्यान भटजीकडं. 'सावधान' म्हनल्याबगर फुकायचं न्हाय."

"झालं तर," मॅडम म्हणाल्या. "मी मंगलाष्टकं म्हणती. तुमी सनई मांडीवर घ्या."

मामींनी पिशवीतून सनई काढून दिली. कमरेखाली होती, चित्रात येणार नव्हती. मॅडम काचेअलीकडं माझ्याजवळ उभ्या राहिल्या, माइक ओढला आणि सुरू केलं. त्यांचा गळा वाईट होता, हे मला त्या दिवशी कळलं. पण मोठा होता. मामांनी डोळे अर्धवट मिटले. गाल सपाट, ओठ मिटलेले, जबडा दगडासारखा. मी बटण दाबलं. यंत्राचा हात निघाला. मॅडमचं एक कडवं संपत आलं तरी हात अजून कानापाशीच. आता 'सावधान' आलं की मामा सनई उचलणार, या भीतीनं माझा अंगठा पांढरा पडला. मॅडमनी ते ओळखलं, कडव्याचा शेवटचा शब्द गिळला आणि दुसरं कडवं धरलं. ते पाठ नव्हतं. मधे मधे नुसतंच "वधू-वरा" म्हणत लांबवत राहिल्या.

बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "आत कुनाचं लगीन लागतंय गं?"

"आमच्या ह्येंच्या दाढंचं," मामी म्हणाल्या.

हात थांबला. मी बटण सोडलं. मॅडमनी दम घेऊन "शुभमंगल सावधान" म्हणून टाकलं, आणि मामांनी सवयीनं सनई ओठांना लावलीच. सुजल्या गालानं एकच सूर निघाला आणि कळ येऊन थांबला. मामा गाल धरून खाली वाकले. बाहेरचं हसू बंद झालं. एका सुरापुढं त्यांना जाता येत नव्हतं, हे सगळ्यांनीच ऐकलं.

चित्र मात्र आरशासारखं होतं. मॅडमनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. "ही बारीक नळी दिसती का हाडात? हितनं नस जाती, खालच्या ओठाला. आन ही दाढंची मुळं. सपाट फोटोत वाटत हुतं मूळ नसंवर टेकलंय. टेकलेलं न्हाय. जिभेकडनं वळसा घालून आकडीगत अडकलंय. आख्खी दाढ ओढली तर आकडी नसंला घेऊन वर येईल."

मामांनी तोंड फिरवलं.

"ऐका पुढं. दाढंचा वरचा भाग तेवढा कापून घ्यायचा. पू तिथंच हुतोय. मुळं हाडातच ऱ्हाऊ द्यायची."

"झाड तोडून खुंट ठिवल्यागत?"

"तसंच."

"आन खुंट सडला तर?"

"सडू शकतो. कवा कवा मूळ वर बी सरकतं, मग परत काढावं लागतं. मी खोटं न्हाय सांगायची. पर तवर ते नसंपासनं लांब आलेलं आसतं. आजच्यापरीस बरंच."

मामांनी मामींकडं बघितलं. मामी म्हणाल्या, "बाई सांगत्यात तसं करा. न्हायतर म्या तुमची सनई चुलीत घालती."

शस्त्रक्रिया सोलापूरला व्हायची होती. तिथल्या सर्जनचं मत अख्खी दाढ काढावी असं होतं. मॅडमनी फोन लावला, छापील भाषेत. चित्र आधीच पाठवलं होतं, त्याच्या चकत्या एकेक करून समजावल्या. सर्जन जुने, त्यांचा हात चांगला, असल्या दाढा त्यांनी पुष्कळ काढलेल्या. बराच वेळ वाद झाला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सर, कापणार तुम्ही. माझा शब्द शेवटचा नाही. पण हा माणूस ओठानं पोट भरतो, एवढं कापताना लक्षात असू द्या." मग सर्जन म्हणाले, ठीक आहे, मुळं ठेवू.

शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी मामींचा फोन आला. दाढ कापून झाली, पण ओठ लाकडागत लागतोय म्हणतात. मॅडमनी सांगितलं, भुलीचं औषध उतरायला वेळ लागतो. फोन ठेवल्यावर, मला सांगितल्यासारखं करून तेच स्वतःलाही दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, भाकरीचा चटका ओठाला कळला. पण फुंकायला सर्जननी मनाई केली होती, जखम भरेपर्यंत. चटका कळणं वेगळं आणि पत्ती कळणं वेगळं. त्यामुळं मामा परत वाजवू शकतील की नाही, हे त्या दिवसांत कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात मॅडमचं जायचं ठरलं. पुण्याला लेकीकडं नातू झाला होता, आणि त्यांचंही वय झालंच होतं. सेंटर नव्या डॉक्टरांकडं आलं. त्या चांगल्या आहेत, शिकवतातही. मी आजही तिथंच आहे, आणि माझ्या हाताखाली आता शिकाऊ मुली आहेत. पण मॅडम म्हटलं की मला त्यांचा शेवटचा रविवार आठवतो.

सकाळीच त्यांचा फोन आला. "मामाची फुंकायची मनाई काल उठली. तेरला जायचंय. येतीस का?"

आम्ही एसटीनं गेलो. मामांचं घर रस्त्याला लागूनच. अंगणात आलो तर मामा सनई तोंडाला लावून बसलेले. आम्हाला बघून उठले नाहीत, डोळ्यांनीच या म्हणाले. पहिल्यांदा ओठाच्या कडेनं नुसती हवा फसफसली. परत तेच. मामींनी चुलीपासून मान वळवली नाही. मॅडम पुढं वाकून बघत होत्या, ऐकत नव्हत्या, मामांच्या खालच्या ओठाकडं बघत होत्या. मामांनी पत्ती ओली केली, किंचित उजवीकडं सरकवली आणि परत लावली. सूर लागला. डगमगला, मग बसला. मामांनी तो धरूनच ठेवला, गाल भरलेले, नाकानं श्वास येतोय जातोय. त्याच सुरातून ते पुढं निघाले.

"कळतंय का खालच्या ओठाला?" मॅडमनी विचारलं. "मामा? पत्ती कळतीय का?"

मामा वाजवतच राहिले.

"आवं, सांगा तरी!"

"आता न्हाय थांबायचं त्ये, बाई," मामी म्हणाल्या. "सक्काळधरनं नुसती हवाच निघत हुती."

मॅडम बाजेवर टेकल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. बऱ्याच वेळानं रस्त्यावर आमची परतीची एसटी येऊन थांबली, कंडक्टरनं घंटी दिली.

"मॅडम, गाडी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं न बघता हातानंच सांगितलं, गप बस.